काळ्या मातीत झुकलेला खांब : भंगाराच्या गेटवरच्या रेडिएशन मॉनिटरचं प्रकरण

काटाघराच्या रजिस्टरमधली नोंद एवढीच आहे : ‘रात्री ११.४०. पाण्यात बोंबलते. गाडी नाही. पिन काढली.’

मृगाचा पहिला जोरदार पाऊस होता. गेटवर गाडी ना घोडी, आणि रेडिएशन मॉनिटरचा भोंगा अर्ध्या तासात सहा वेळा वाजला. रात्रपाळीच्या चौकीदाराने भोंग्याची पिन काढली. पुढचे तीन आठवडे त्याच गेटमधून रोज चाळीसेक गाड्या भंगार आत गेलं आणि मॉनिटरचा आवाज आला नाही. मशीन आपोआप सुधारलं, असंच सगळ्यांनी धरलं.

गेट वर्धा जिल्ह्याच्या ग्रामीण भागातलं, इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर भंगार वितळवणारी भट्टी, चालवणाऱ्या एका युनिटचं, रोजचं भंगार साधारण १२० टन. अशा गेटांवर हमखास सापडणारे दोष एका ठिकाणी आणून हे प्रकरण मांडलं आहे. त्यामुळे युनिटचं नाव नाही, आणि हिशोब कळावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

भंगाराच्या गेटवर हे यंत्र का लागतं, ते आधी. कोळसा धुण्याचे कारखाने, सिमेंटची हॉपरं, औष्णिक वीज केंद्रं यांमध्ये पातळी किंवा घनता मोजायला किरणोत्सारी गेज बसवतात. बहुतेकांत सिझियम-१३७ असतं आणि ते शिशाच्या जाड डब्यात बंद असतं. वर्धा, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात असे उद्योग जागोजागी आहेत. जुना प्लांट मोडीत निघाला की डबा ओळखणारा माणूस आधीच निवृत्त झालेला असतो, आणि डबा लोखंडाच्या भावात निघून जातो. आकाराच्या मानाने फार जड असणं ही त्याची पहिली खूण. पिवळ्या पाटीवरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह तोवर गंजून गेलेलं असतं.

२०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेलं एका विद्यापीठाचं जुनं उपकरण लिलावातून आलं आणि कापलं गेलं. एक कामगार दगावला, बाकीचे रुग्णालयात गेले. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. ते पोलाद भारतातून गेलेलं होतं. मायापुरीत डबा फुटला, दुसऱ्या प्रकरणात वितळला. भट्टीवाल्याला दुसऱ्याची धास्ती जास्त असते, कारण वितळलेला स्रोत परत गोळा करता येत नाही.

यंत्र आणि त्याची जागा

गेटच्या दोन बाजूंना दोन खांब, मधलं अंतर ४.५ मीटर. प्रत्येक खांबात १००० × ५०० × ५० मिलिमीटरची, म्हणजे २५ लिटरची प्लास्टिक सिंटिलेटरची पाटी. गॅमा किरण पाटीत शिरला की प्रकाशाचा बारीक ठिणगीएवढा झोत निघतो. फोटोमल्टिप्लायर ट्यूब त्याचा विजेचा पल्स करते आणि पल्स मोजला जातो. पाटीच्या पाठीमागे आणि बाजूंना शिसं लावलेलं असतं, म्हणजे फक्त रस्त्याकडचं दिसावं. खांबांमधून एक इन्फ्रारेड किरण जातो. तो तुटला की यंत्राला कळतं, गाडी आली.

या किरणाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि इथे सगळा घोळ तिथूनच झाला. गेट मोकळं असताना यंत्र नैसर्गिक पार्श्वभूमी, म्हणजे आजूबाजूचा नेहमीचा किरणोत्सार, मोजत राहतं आणि त्यावरून स्वतःची तुलनेची पायरी सुधारत राहतं. गाडी आली की ती पायरी गोठवतं आणि गाडीचा आकडा तिच्याशी ताडून पाहतं. किरण कायमचा तुटलेला राहिला तर यंत्राच्या दृष्टीने गेटवर अखंड गाडी उभी असते, आणि पायरी जुनीच राहते.

या भागातल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम कमी असतं. म्हणून पार्श्वभूमीही कमी, प्रत्येक खांबाला २४०० काउंट (मोजलेले पल्स) प्रति सेकंद, दोन्ही मिळून ४८००. भंडारा-गोंदियाकडच्या ग्रॅनाइटवर हेच यंत्र जास्त आकडा दाखवेल. म्हणून दुसऱ्या जागेवरचे सेटिंग उचलून आणू नयेत. तसंच खांबाजवळ फ्लाय ॲशच्या विटांची भिंत किंवा ग्रॅनाइट खडीचा भराव घालू नये. पार्श्वभूमी विनाकारण वाढते आणि तिच्याबरोबर अलार्मची मर्यादाही.

साखळी

पाया साध्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा होता, ६० सेंटिमीटर खोल, काळ्या भारी मातीत थेट ओतलेला. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. मे महिन्यात गेटपाशी पाच-पाच सेंटिमीटरच्या भेगा होत्या आणि ठोकळा एका अंगाला बसला. ओळंबा लावून पाहिलं तर पूर्वेचा खांब २.४ मीटर उंचीवर १४ मिलिमीटर कललेला होता. डोळ्याला दिसत नाही इतकं. पण १४ भागिले २४००, गुणिले ४५०० केलं की समोरच्या खांबापाशी किरण २६ मिलिमीटरने सरकतो. तिथला, किरण परत पाठवणारा परावर्तक ८० मिलिमीटरचा. बसवतानाच किरण मधोमध न ठेवता कडेला ठेवलेला होता, त्यावर ट्रकच्या चाकांनी उडवलेली धूळ. मेच्या शेवटी किरण परतायचा थांबला.

पॅनलवर त्या दिवसापासून पिवळा दिवा लागलेला होता. तो चलनांच्या फाइलीमागे दडला.

कोरड्या दिवसांत काही बिघडलं नाही, कारण पार्श्वभूमी फारशी हलत नव्हती. मग पाऊस आला. हवेत रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून बनणारी ‘अपत्यं’, म्हणजे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, धुळीला चिकटून तरंगत असतात. पहिला पाऊस त्यांना जमिनीवर आणतो. त्यांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, अनुक्रमे २७ आणि २० मिनिटं आहे. म्हणून पाऊस सुरू होताच आकडा चढतो आणि थांबल्यावर दोन-तीन तासांत उतरतो. त्या रात्री आकडा २० टक्क्यांनी चढला, ४८०० वरून ५७६० वर. किरण ठीक असता तर यंत्राने हळूहळू नवी पायरी धरली असती. पण पायरी मेमधलीच होती आणि मर्यादा तिच्यापेक्षा फक्त ३४६ वर. भोंगा वाजणारच होता.

चौकीदाराची चूक म्हणावी तर एवढीच की नोंद करून त्याने कोणाला सांगितलं नाही. पण ती पिन हाताला लागेल अशा जागी ठेवणाऱ्याची चूक त्याहून मोठी. भोंग्याची वायर कुलूपबंद पेटीतूनच गेली पाहिजे. चौकीदाराला तात्पुरतं गप्प करायचं बटण द्यावं, दोन मिनिटांत आपोआप परत चालू होणारं.

तीन आठवड्यांचा हिशोब

भोंगा बंद होता, पण यंत्राची स्मृती चालू होती. त्यातले ३१ अलार्म काढून काट्याच्या चलनांच्या वेळेशी जुळवले. २९ पावसाच्या तासांतले, गेट रिकामं असतानाचे. दोन गाडीबरोबरचे.

पहिला एका ट्रॅक्टर-ट्रॉलीचा. भंगारात मोडक्या भट्टीचे पत्रे होते आणि त्यांना झिर्कॉनच्या विटा चिकटलेल्या. या विटांत नैसर्गिक युरेनियम-थोरियम असतं. विटा यार्डातच सापडल्या, हातातल्या मीटरवर त्यांच्यापाशी पार्श्वभूमीच्या दुपटीएवढा आकडा आला. दुसरा अलार्म एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोचा, कोरड्या दिवशीचा. माल केव्हाच वितळला होता. इथे आलेख कामी आला. काउंटचं शिखर गाडी आत शिरताना पहिल्या दीड सेकंदात होतं, म्हणजे केबिनमध्ये, मालाच्या डाल्यात नव्हे. ड्रायव्हरने चार दिवस आधी थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेलं होतं. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, त्यामुळे असा माणूस काही आठवडे गेट वाजवू शकतो. त्यात त्याचा दोष नाही, आणि त्याच्या आजाराची चर्चा गेटवर होऊ नये.

तरीही वितळलेल्या मालाची खात्री केली. कुठे शोधायचं हे मूलद्रव्यावर ठरतं. सिझियम वाफ होऊन बॅग फिल्टरच्या धुळीत जातं. कोबाल्ट पोलादातच राहतं. रेडियम, थोरियम, अमेरिशियम मळीत, म्हणजे स्लॅगमध्ये जातात. म्हणून त्या तीन आठवड्यांच्या धुळीच्या पोत्यांवर, स्लॅगच्या ढिगावर आणि प्रत्येक हीटच्या, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक खेपेच्या, एका बिलेटवर (ओतलेल्या पोलादी कांडीवर) मीटर फिरवलं. कुठेच पार्श्वभूमीपेक्षा जास्त नव्हतं. नुसतं बिलेट तपासून थांबणारे सिझियम हमखास चुकवतात.

नव्याने उभारणी

खांबांचे ठोकळे काढले. प्रत्येक खांबाखाली ३.५ मीटर खोल दोन अंडर-रीम्ड पाइल घेतले, तळाशी फुगीर असलेले. त्या खोलीवर मातीतला ओलावा वर्षभर जवळपास सारखा असतो, म्हणून पाइल हलत नाही. भोवती मीटरभर काळी माती काढून मुरूम दाबला आणि पाणी बाहेर जाईल असा उतार दिला. भूगर्भाला हात न लावता नुसता ठोकळा मोठा करू, असा एक स्वस्त सल्ला आला होता. तो मानला नाही. मोठा ठोकळाही फुगणाऱ्या मातीवर तरंगतोच, फक्त जास्त वजनाने.

विजेचं काम यापेक्षा किचकट निघालं. ग्रामीण फीडर, त्यात इंडक्शन फर्नेसचा धक्का. मॉनिटरला स्वतंत्र ऑनलाइन यूपीएस लावला, दोन तासांच्या बॅटरीसह, आणि स्वतंत्र अर्थिंग, ५ ओहमच्या आत. उन्हाळ्यात माती वाळली की हा आकडा चढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी आणि महिन्याला मोजणी.

यानंतर गेट रिकामं ठेवून प्रत्येक खांबाच्या १०० एक-सेकंदी नोंदी घेतल्या. किरणोत्साराची मोजणी योगायोगाने होते, त्यामुळे सरासरीचं वर्गमूळ म्हणजेच तिचं प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांतला स्वाभाविक चढउतार. २४०० चं वर्गमूळ ४९. पूर्वेच्या खांबाचं विचलन ४९ आलं. पश्चिमेच्या खांबाचं ११२. सरासरी मात्र दोन्हीकडे सारखी, म्हणून नुसता सरासरी आकडा पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. विचलन वर्गमूळाच्या ०.८५ ते १.१५ पट असलं तर ठीक. त्याहून जास्त म्हणजे पल्समध्ये किरणोत्साराशिवाय दुसरं काही मिसळतं आहे. पश्चिमेची केबल थंड पाण्याच्या पंपाच्या मोटरकेबलबरोबर एकाच चरात होती. पंप सुरू होताना तिच्यात स्पंद उठायचे. केबल वेगळ्या चरात ३० सेंटिमीटर अंतरावर घेतली, तिचं शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, विचलन ५१ वर आलं.

केबल खांबात शिरते त्या तोंडातून, म्हणजे ग्लँडमधून, कुंभारमाशीने मातीचं घरटं आत घातलं होतं आणि रबर बूच गायब. बूच नसलं की ओल शिरते, शिवाय पाटीवरच्या काळ्या वेष्टनापर्यंत प्रकाश पोचतो. दुपारी १२ ते २ मध्ये आकडा चढतो आणि ढग आला की उतरतो, असं दिसलं तर प्रकाशगळती समजावी. अंधारात टॉर्च फिरवून जागा सापडते.

उष्णतेचा त्रास उलट दिशेने होतो. मेच्या दुपारी खांबाच्या आत ५८ अंश होतं, सकाळी ३०. फोटोमल्टिप्लायरचा गुणक अंशाला सुमारे ०.४ टक्के घटतो, म्हणजे २८ अंशांत ११ टक्के. पल्स लहान होतात आणि कमी ऊर्जेचे पल्स मोजणीच्या उंबऱ्याखाली जातात. दुपारची पार्श्वभूमी २४०० ऐवजी २२९० आली ती यामुळेच. पाच टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण गळालेला भाग नेमका महत्त्वाचा आहे. भंगाराखाली दबलेल्या स्रोतातून बाहेर येणारा किरणोत्सार बराचसा विखुरलेला, कमी ऊर्जेचाच असतो. वर पत्र्याचं छप्पर, खांबाला पांढरा रंग, खालीवर हवेची जाळी एवढ्याने आतलं तापमान ४९ पर्यंत उतरलं. सिंटिलेटरचं प्लास्टिक ७० अंशांच्या पुढे मऊ पडतं, म्हणून छप्पर तसंही हवंच होतं.

पोटॅशच्या बॅगा

रोजच्या चाचणीसाठी सिझियम-१३७ ची ९ किलोबेकरेलची चकती आहे. (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन.) नियमनातून सूट मिळण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा १० किलोबेकरेल, ही त्याखालची. तरी ती कुलपात राहते आणि रजिस्टरमध्ये तिची नोंद असते. खांबावर रंगवलेल्या खुणेवर चकती धरली की ७०० काउंट वाढले पाहिजेत, १० टक्क्यांच्या आत. सिझियम वर्षाला २.३ टक्के घटतं, म्हणून अपेक्षित आकडा दर जानेवारीत दुरुस्त करायचा. खूण सोडून दोन बोटं सरकवली तरी आकडा बदलतो आणि यंत्र बिघडल्याचा बोभाटा होतो.

ही चकती गेटच्या मधोमध मात्र अगदी दुबळी ठरते. मोठा स्रोत आणायचा तर परवानगी आणि परवानाधारक हवा, आणि तो यंत्र बसवणारा पुरवठादार सुरुवातीच्या चाचणीला आणतो. दर महिन्याच्या चाचणीला मात्र गावच्या कृषी केंद्रातलं म्युरेट ऑफ पोटॅश चालतं. ५० किलोच्या बॅगेत जवळपास २५ किलो पोटॅशियम असतं. नैसर्गिक पोटॅशियमच्या दर ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० चे सुमारे ३१ बेकरेल, म्हणजे बॅगेत पावणेआठ लाख. त्यातल्या शंभरांतून अकराच विघटनांत १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा निघतो. सेकंदाला ऐंशी हजारांच्या वर गॅमा झाले. अर्धायुष्य सव्वा अब्ज वर्षं, त्यामुळे दुरुस्तीची कटकट नाही. ओलीने बॅगेतलं खत दगडासारखं झालं तरी पोटॅशियम तेवढंच राहतं.

बॅगा बैलबंडीत ठेवून गेटमधून नेल्या. लाकूड किरण फारसे अडवत नाही, आणि बैल न सांगता योग्य वेगाने चालतात. एका बॅगेने १४० वाढले, भोंगा गप्प, तसाच राहायला हवा. चार बॅगांनी ५६० वाढले, मर्यादा ३४६, भोंगा वाजला.

पण या चाचणीवर सगळा भरवसा टाकू नये. पोटॅशियमचा गॅमा जास्त ऊर्जेचा आहे. उन्हाने कमी ऊर्जेचे पल्स गळत असले तरी बॅगा पास होतात. त्यासाठी चकती आणि बॅगा, दोन्ही.

भरल्या गाडीची सावली

आता मुख्य मुद्दा. मॉनिटरला पार्श्वभूमी बहुतांशी जमिनीतून येते. मधे लोखंडाने भरलेली दहाचाकी आली की ती जमिनीचे किरण अडवते. स्वच्छ माल भरलेल्या गाड्या मोजल्या तेव्हा आकडा पार्श्वभूमीच्या खाली गेला. ट्रॅक्टर-ट्रॉलीने ८ टक्के, मध्यम गाडीने ११, दहाचाकीने १८ टक्के. ४८०० चे ३९३६ झाले.

गेटची मर्यादा होती पार्श्वभूमी अधिक पाच विचलनं. ४८०० चं वर्गमूळ ६९.३, पाच पट ३४६, म्हणजे ५१४६. रिकाम्या गेटमध्ये स्रोताला ३४६ काउंट भरावे लागतात. दहाचाकीत आधी सावलीचे ८६४ भरून काढावे लागतात, मग ३४६, एकूण १२१०. यंत्र तेच, संवेदनशीलता साडेतीन पट कमी.

हे दाखवायला चार बॅगा भरल्या दहाचाकीच्या वरच्या थरात एका फळीला लागून, म्हणजे एका खांबाच्या जवळ, ठेवल्या. गाडी गेली, आकडा ४८३६ आला. रिकाम्या गेटवर ४८०० असतात. म्हणजे किरणोत्सारी माल असलेली गाडी यंत्राला जवळपास मोकळ्या रस्त्यासारखी दिसली.

उपाय मर्यादा सरसकट खाली आणण्याचा नाही. पाचाऐवजी तीन विचलनं ठेवली तर काय होतं ते पाहा. दिवसाला ४० गाड्या, प्रत्येकी १० सेकंद, सेकंदाला ५ तुलना, म्हणजे २००० तुलना. तीन विचलनांवर रोज अडीच-तीन खोटे अलार्म, चारावर साधारण सोळा दिवसांत एक, पाचावर जवळपास पाच वर्षांत एक. रोज तीनदा खोटं बोंबलणाऱ्या यंत्राची पिन कोणीतरी काढतोच, ती कुलपात असली तरी.

म्हणून पायरीच बदलली. गाडी आधी काट्यावर तोलायची, भरलेल्या वजनावरून तिचा गट ठरवायचा, आणि त्या गटाच्या स्वच्छ गाड्यांच्या सरासरीशी तुलना करायची. दहाचाकीसाठी ३९३६, त्याचं वर्गमूळ ६३, पाच पट ३१४, आणि मालाच्या भरणीतल्या फरकासाठी ४८०० चे ३ टक्के, म्हणजे १४४. मर्यादा ४३९४. फळीला लागून ठेवलेल्या बॅगांचे ४८३६ आता सरळ पकडले जातात. सुरुवातीला गट गाडीच्या प्रकारावरून ठरवला होता. तो फसला, कारण अर्धी भरलेली दहाचाकी ८ टक्केच सावली पाडते, ४४१६ दाखवते आणि उगाच वाजते. वजनावरून गट ठरवल्यावर तो प्रकार बंद झाला.

वेगाची मर्यादा ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. १५ ने गेलेली गाडी तिप्पट लवकर निघते आणि एका सेकंदाच्या मोजणीत स्रोत जेमतेम अर्धा सेकंद सापडतो. दोन्ही बाजूंना गतिरोधक घातले, खांबांपासून ६ मीटरवर. त्याहून जवळ घातले तर गाडी नेमकी खांबांमध्ये वेग घेते. ट्रॅक्टरची वेगळी अडचण होती. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या धुऱ्याच्या मोकळ्या जागेत इन्फ्रारेड किरण परत जुळतो. यंत्र समजतं गाडी गेली, आणि ट्रॉली येत असताना पायरी सुधारायला घेतं. किरण जुळल्यावरही ३ सेकंद ‘गाडी आहे’ असं धरायचं सेटिंग दिलं, कारण ती मोकळी जागा पार व्हायला सेकंदभर लागतो. किरण आता परावर्तकाच्या मधोमध आहे आणि पिवळा दिवा काट्याच्या संगणकाला जोडला आहे. तो लागला की काट्याची पावती निघत नाही. युनिटमधल्या सर्वांत प्रभावी बदलाचा मान या शेवटच्या वायरला द्यावा लागेल, आणि तिची किंमत सगळ्यांत कमी होती.

भोंगा वाजला तर

भिंतीवरच्या कागदावर क्रम असा आहे. गाडी थांबवून मागे घ्या आणि परत हळू आणा. दुसऱ्यांदाही वाजलं तर ड्रायव्हरला उतरवा, त्याला एकटं चालत गेटमधून न्या, मग गाडी एकटी. गाडीवर मीटर फिरवून सर्वांत जास्त आकड्याची जागा खडूने आखा. पृष्ठभागापासून १ मीटरवर तासाला १०० मायक्रोसिव्हर्ट (माणसाला लागणाऱ्या किरणोत्साराचं माप) किंवा जास्त असेल तर शोधाशोध बंद, माणसं दूर, दोरी बांधा. अणुऊर्जा नियामक मंडळ आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यांना कळवा. त्याखाली असेल तरी माल हाताने उपसायचा नाही, गाडी यार्डाच्या दूरच्या कोपऱ्यात उभी करून कळवायचं. पावसात वाजलं तर आधी रिकाम्या गेटचा आकडा पाहायचा, पण गाडी तोवर आत सोडायची नाही.

कागदावर लाल अक्षरांत एकच ओळ आहे : गाडी विकणाऱ्याकडे परत पाठवायची नाही. परत पाठवलेला डबा दुसऱ्या गेटवर जातो, आणि त्या गेटवर मॉनिटर असेलच असं नाही.

रजिस्टरमध्ये आता वेळ, रिकाम्या गेटचा आकडा, चकतीचा आकडा, दिव्याचा रंग आणि सही असे रकाने आहेत, शिवाय मे आणि सप्टेंबरसाठी एक जादा रकाना : ओळंबा. सप्टेंबरमध्ये पूर्वेचा खांब १ मिलिमीटर, पश्चिमेचा शून्य.